होंडा सिटी हायब्रिड: गाडी उत्तम आहे, पण आधी काचेचं बोलू

सिटी ई:एचईव्ही घेऊन दीडेक वर्ष झालं. अनुभव लिहायचा राहूनच जात होता. गेल्या महिन्यात समोरची काच बदलावी लागली आणि तेव्हा जे कळलं ते गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगावंसं वाटतं. 1.5 लिटर इंजिन, मोटर धरून 126 पीएसची ताकद, सनरूफ, सहा एअरबॅग हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

एक्सप्रेसवेवर पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका पडला. अशा टवक्यात रेझिन भरून काम भागतं, मीही तेच धरून चालले होते. पण टवका नेमका आतल्या आरशाच्या जरा खाली होता. सकाळी बघते तर त्यातून वीतभर तडा वर सरकलेला. वर्कशॉपमधल्या मुलाने बोट लावून दाखवलं: "मॅडम, हा कॅमेऱ्याच्या समोर आलाय. इथे रेझिन चालत नाही, काचच बदलायची."

या गाडीची सगळी होंडा सेन्सिंग, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, काचेमागच्या त्या एका कॅमेऱ्यावर चालते. पुढच्या गाडीप्रमाणे वेग सांभाळणारं अडॅप्टिव्ह क्रूझ, गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारं लेन कीप, समोर धडक होतेय असं दिसलं तर लागणारा ब्रेक, रात्री आपोआप अप्पर-डिपर होणारे दिवे, सगळं त्याच्यावर. काही गाड्यांत बंपरमध्ये रडारही असतं, इथे तो कॅमेरा आणि त्याच्यासमोरची तळहाताएवढी काच, बस. म्हणून काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. गाडी सपाट जागेवर उभी करतात, टायरची हवा बघतात, समोर मोजून अंतरावर पाटी लावतात आणि कॉम्प्युटर जोडून कॅमेऱ्याची नजर सरळ करतात. हे थोतांड नाही, हिशोब करून बघा. कॅमेरा एक अंशाने जरी तिरका बसला तरी 100 मीटरवर जवळजवळ पावणेदोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे साधारण अर्धी लेन. आपल्या पुढची गाडी कुठली आणि शेजारच्या लेनमधली कुठली, हेच त्याला धड कळणार नाही. बाहेरच्या काचवाल्याने मला बऱ्याच कमी पैशात काच टाकून देतो म्हणून सांगितलं होतं. कॅमेऱ्याचं काय, विचारलं तर म्हणे, "काढून परत तसाच लावतो ना." तिथूनच परत फिरले.

आता इन्शुरन्स. मोटर पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा शून्य असतो, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसला तरी काचेची किंमत पूर्ण धरतात. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे आपण खिशातून भरायचा वाटा, 1000 रुपये. इथपर्यंत सोपं. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, जातो, आणि मी जुन्या गाडीवरून 50 टक्के एनसीबी या गाडीवर आणला होता. एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑन नव्हतं. म्हणून कागद घेऊन बसले. नुसत्या काचेसाठी क्लेम केला असता तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवरची पुढच्या काही वर्षांची सूट गेली असती आणि हाती फारसं काही आलं नसतं. कॅलिब्रेशन धरलं तर मात्र क्लेम परवडत होता. म्हणून क्लेम टाकला, आणि सर्व्हेअरने अप्रूव्हलमध्ये नेमकी कॅलिब्रेशनचीच ओळ खोडली. कारण काय, तर "मॅडम, ते पार्ट नाही, ॲडजस्टमेंट आहे. मेंटेनन्समध्ये जातं."

मी फोनवर वाद घालत बसले नाही, सगळं लेखी मागितलं. वर्कशॉपकडून जॉब कार्डवर लिहून घेतलं की काच बदलल्यामुळेच कॅलिब्रेशन करावं लागतंय आणि त्याशिवाय सेन्सिंग चालणार नाही. ते जोडून कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल केला: काच तुम्ही मान्य केलीत, तर गाडी अपघाताआधी जशी होती तशी करून देणं हा त्याच कामाचा भाग आहे, नाकारत असाल तर पॉलिसीतलं कलम दाखवा, नाहीतर विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकते. कलम कोणी दाखवलं नाही. काही दिवसांनी सुधारित अप्रूव्हल आलं, त्यात पूर्ण रक्कम होती. वाहनविमा घेताना हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर मेलवर घ्या: काच बदलल्यावर एडासचं (सेन्सिंगसारख्या यंत्रणांचं सर्वसाधारण नाव) कॅलिब्रेशन देता का? आता रिन्यूअलला मी तीन कंपन्यांना हेच विचारलंय आणि एनसीबी प्रोटेक्टही लावणार आहे.

एवढं त्या कॅमेऱ्यासाठी का भांडले? पहिले काही महिने तर लेन कीप मी बंदच ठेवलं होतं. आपल्याकडे पट्टे पुसलेले, रिक्षा मधूनच घुसणार, दुचाकी डावीकडून येणार, तिथे याचा काय उपयोग, हेच माझं मत होतं. पुणे शहरापुरतं ते आजही तेच आहे. पण माहेर मुंबईला, त्यामुळे एक्सप्रेसवेवर वारंवार जाणं होतं. मधल्या लेनमध्ये 100 वर क्रूझ लावायचं, पुढचा हळू झाला की गाडी आपोआप हळू होते, तो बाजूला झाला की पुन्हा 100. वेगाच्या कॅमेऱ्याचं चलान येईल ही धास्ती नाही. दादरला उतरल्यावर पाय आणि खांदे आखडलेले नसतात, हा फरक मला या वयात फार मोलाचा वाटतो. 2023 च्या फेसलिफ्टपासून हायब्रिडला लो-स्पीड फॉलो मिळालं, त्यामुळे टोलनाक्याच्या रांगेतही क्रूझ साथ सोडत नाही. धो-धो पावसात किंवा लोणावळ्याच्या धुक्यात मात्र कॅमेऱ्याला दिसेनासं होतं आणि यंत्रणा तसा मेसेज देऊन बाजूला होते. तेव्हा गाडी आपणच चालवायची, हे पक्कं डोक्यात ठेवा. वायपर ब्लेड दर पावसाळ्याआधी बदलते. सासूबाईंनी डॅशबोर्डवर ठेवलेला चकचकीत गणपती काचेत उमटायचा, त्यांना विचारून तो खालच्या खणात बसवला.

मायलेजकडे वळते, कारण गाडी मुळात त्याच्यासाठी घेतली. कागदावर 27.13 चा आकडा आहे. मला मीटरवर शहरात 22-23 पडतं आणि एक्सप्रेसवेवर 100 ने गेलं तर 20 च्या आसपास. हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. शहरात बराच वेळ मोटरच गाडी ओढते, इंजिन बॅटरी चार्ज करायला मधूनमधून चालू होतं आणि ब्रेक दाबला की त्यातली बरीच ऊर्जा परत बॅटरीत जाते. हायवेच्या वेगात क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, तेव्हा ती बरीचशी साध्या पेट्रोल गाडीसारखी चालते.

मेमधल्या एका जोडसुट्टीला खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला आणि आम्ही भर दुपारी अडकलो. आजूबाजूच्या गाड्या एसीसाठी इंजिन घुरघुरवत उभ्या होत्या, काहींनी पेट्रोल जळतं म्हणून काचा उघडल्या होत्या. या गाडीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद, एसी चालू, आत गारवा. अधूनमधून थोडा वेळ इंजिन लागायचं आणि पुन्हा शांत व्हायचं. पेट्रोलचा काटा हलल्याचं जाणवलंही नाही. उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचा मला मनापासून राग आहे. त्या दिवशी ही गाडी घेतल्याचं फार समाधान वाटलं.

घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने रिजेन (वेग कमी करताना वीज परत बॅटरीत घेणं) वाढवायचं, ब्रेक फारसा लागत नाही. कुंभार्लीसारखा लांब उतार असला की बॅटरी भरते आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही इंजिनाचा आवाज चढतो. पहिल्यांदा आमचे हे दचकले होते. बिघाड नाही तो, जास्तीची वीज जिरवायला इंजिन फिरतं.

डिकी. पेट्रोल सिटीत 506 लिटर, हिच्यात 306. बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी आहे. दोन मोठ्या बॅगा बसतात, तिसरी आडवी घालायला जाऊ नका. गणपतीला चिपळूणला जाताना मखराचं सामान आम्ही आधीच दुसऱ्या गाडीने पाठवतो. पाच जणांचं कुटुंब दरवर्षी गावी जात असेल तर शोरूमला रिकाम्या बॅगा घेऊन जा आणि भरून बघा.

महिन्याला हजार किलोमीटरही होत नसतील तर पेट्रोल सीव्हीटी (ऑटोमॅटिक) घ्या, वरचे काही लाख रुपये वसूल व्हायला फार वर्षं जातील. सेन्सिंग तिच्यातही 2023 पासून व्ही आणि त्याच्या वरच्या व्हेरियंटना आहे, म्हणजे काचेचं सगळं तिलाही लागू. रोजचं हिंजवडी किंवा खराडी असेल तर हायब्रिडच.

आणि कुठलीही घ्या, डिलिव्हरीच्या दिवशी फास्टॅग चिकटवताना स्वतः शेजारी उभं राहा. ती मुलं सवयीने आरशामागे मधोमध लावतात. कॅमेऱ्याच्या समोरची जागा सोडून बाजूला लावायला सांगा, कारण एकदा चिकटवलेला टॅग काढला की फाटतो आणि नवा घ्यावा लागतो.