७४९ रुपयांचा ओबीडी स्कॅनर आणि पसरणी घाटात थंड पडणारी गाडी

गाडी तापते म्हटलं की गॅरेजमध्ये सगळे हातातलं काम टाकून येतात. माझी गाडी तापतच नव्हती, आणि ते ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता. त्यासाठी मागवलेल्या एका छोट्या वस्तूबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणाऱ्या ओबीडी स्कॅनरबद्दल, हे लिहिते आहे. आठ महिने वापरल्यावर तिच्याविषयी सांगण्यासारखं बरंच जमलंय, चांगलंही आणि वाईटही.

मी वाईत राहते आणि पाचगणीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रोज सकाळी पसरणी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. गाडी २०१४ सालची, डिझेल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. गेल्या नोव्हेंबरात थंडी पडली आणि एक गोष्ट ठळक जाणवायला लागली. घाट चढून दांडेघर नाका आला तरी हीटरमधून जेमतेम कोमट वारा यायचा आणि समोरच्या काचेवरची वाफ हटायची नाही. तापमानाची सुई घाट चढताना पावभर वर यायची आणि संध्याकाळी उतरताना पार तळाला जाऊन बसायची. मी प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज वहीत लिहिते. ती वही मागे चाळली तेव्हा दिसलं की २०च्या पुढे असणारं ॲव्हरेज जूनपासूनच १८च्या खाली आलंय. तेव्हा मी पावसाला आणि एसीला दोष दिला होता.

पहिल्या गॅरेजवाल्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "मॅडम, सुई वर गेली तर या. खाली आहे तोवर निवांत चालवा." दुसऱ्यांनी टेंपरेचर सेन्सर बदलला, मजुरीसकट हजाराच्या आसपास घेतले. दुसऱ्या दिवशी घाटात सुई होती तिथेच.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर घाटातच गाड्या चालवल्या. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "वॉल उघडा पडलाय. नायतर वॉलच नसंल." थर्मोस्टॅटला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेला, गॅरेजात सगळे वॉलच म्हणतात. पण दोन ठिकाणी पैसे आणि वेळ घालवल्यावर मला कोणाच्या अंदाजावर तिसऱ्यांदा गाडी उघडायची नव्हती. मला आकडा हवा होता.

म्हणून हा स्कॅनर. ईएलएम३२७ या नावाने ऑनलाइन ढिगाने मिळतो. मूळ चिप कॅनडातल्या एका कंपनीची होती, आता जे मिळतं ते बहुतेक सगळं नक्कल. माझ्या पाकिटावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा निळा ठोकळा, मागे सोळा पिना. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, गाडीत तसलंच सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो दाबून बसवायचा. फोनचं ब्लूटूथ लावायचं, पिन विचारली की १२३४ टाकायची आणि एखादं ॲप उघडायचं. मी कार स्कॅनर नावाचं ॲप घेतलं, माझं काम फुकटच्या आवृत्तीत झालं. पहिल्या दिवशी जोडायला वीस मिनिटं गेली, कारण इग्निशन ऑन करायचं राहिलं होतं. एकदा जुळल्यावर गाडीचा कॉम्प्युटर जे पाहतो ते सगळं फोनवर येतं: कूलंटचं (इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचं) तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आरपीएम, इंजिनवरचा भार.

डॅशबोर्डवरच्या सुईवर माझा विश्वास कायमचा कमी झाला तो इथे. बऱ्याच गाड्यांत सुई मुद्दाम मंद ठेवलेली असते. ७५ काय आणि १०० काय, ती मधेच उभी राहते, म्हणजे चालवणाऱ्याला उगाच धास्ती नको. त्यामुळे सुई हलायला लागली की बिघाड बराच पुढे गेलेला असतो.

मी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण असाच त्रास असलेल्या कोणालाही ते करता येईल.

सगळ्यात आधी सेन्सर खरं बोलतोय का ते पाहिलं. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन. कूलंट १४ अंश, आत येणारी हवा १३ अंश. रात्रभरात सगळं एका तापमानाला आलेलं असतं, तेव्हा हे दोन आकडे जवळपास सारखेच हवेत. एक १४ आणि दुसरा ३५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग बघा. सेन्सरचा प्लगच निघालेला असेल तर ॲपवर उणे ४० दिसतं. माझे दोन्ही आकडे जुळले. जुना सेन्सर अजून डिकीत होता. त्याचा रोध मी प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरवर गार आणि गरम पाण्यात मोजला. तापमान वाढेल तसा रोध कमी व्हायला हवा, तो नीट कमी होत होता. म्हणजे चांगला सेन्सर काढून फेकायला मी हजार रुपये मोजले होते. याचं मला अजून वाईट वाटतं. पाच मिनिटांची तपासणी होती ती.

मग गाडी अंगणात सुरू ठेवली. वीस मिनिटांनी आकडा ४९. मला वाटलं, झालं, बिघाड सापडला. अण्णांनी थांबवलं. "डिझेल उभ्या उभ्या तापत नाय. रस्त्यावर बघ." त्यांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. आयडलिंगला डिझेल इंजिन इंधन अगदी थोडं घेतं आणि हवा भरपूर, त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते. चांगलं डिझेल इंजिनसुद्धा उभं राहून सावकाशच तापतं. तेव्हा नुसत्या उभ्या गाडीच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

दुसऱ्या दिवशी मुलगा शेजारी बसला आणि दर दोन मिनिटांनी आकडे लिहीत गेला. (चालवताना स्वतः फोनकडे बघू नका, आणि घाटात तर मुळीच नको.) घरून निघताना १३. पसरणी गाव सोडून चढ लागला तेव्हा ४४. अर्धा घाट चढल्यावर ६८. सगळ्यात जास्त ७४, तेही दुसऱ्या गिअरमध्ये एका ट्रकमागे दम काढताना. वर सपाटीला आलो की लगेच ६३. संध्याकाळी उतरतानाचे आकडे तर माझ्या वर्गात शिकवण्यासारखे होते. निघताना ५८ पर्यंत आणलेली गाडी वाईत पोचेपर्यंत ४१. उतारावर गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी येते तेव्हा इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही. उष्णता तयार होत नाही, पण पाण्याचा पंप फिरत असतो आणि रेडिएटरवर गार वारा आदळत असतो. अशा वेळी थर्मोस्टॅटने रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवायची असते. माझ्या गाडीत ती सताड उघडी होती, हे आकड्यांवरून स्पष्ट दिसत होतं.

रविवारी सकाळी अण्णांनी हाताने खात्री केली. गाडी गार असताना स्टार्ट केली आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज (रबरी पाइप) मुठीत धरून बसले. वॉल चांगला असेल तर हा होज बराच वेळ गार राहतो आणि वॉल उघडला की एकदम चटका देतो. आमचा पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कोमट व्हायला लागला आणि इंजिनाबरोबरच सावकाश वाढत गेला. मी फोनवर ३१ वाचत होते, ते मुठीवरून सांगत होते, "पाणी फिरतंय." (पंख्यापासून हात आणि ओढणी लांब ठेवा, आणि गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.)

आता स्कॅनरची मर्यादा. त्याने इंजिन थंड चालतंय हे पुराव्यासकट दाखवलं, सेन्सरवरचा संशय मिटवला. पण वॉल उघडा अडकलाय, त्याचं रबर गेलंय की वॉल जागेवरच नाही, हे तो सांगू शकत नाही. तिन्हींत आकडे सारखेच दिसतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: माझ्या गाडीत कुठलाही फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) नव्हता, चेक इंजिनचा दिवाही नव्हता. इंजिन अपेक्षेइतकं तापत नाही यासाठी पी०१२८ असा कोड असतो, तो काही गाड्यांत येतो. माझ्यात आला नाही. नुसते कोड वाचून 'नो फॉल्ट' म्हणत गाडी परत देणारे बरेच असतात. चालत्या गाडीतले आकडे मागा.

वहीतले आकडे घेऊन मी तिसऱ्या गॅरेजात गेले. तिथल्या मेकॅनिकने आधी दोन्ही पानं वाचली, मग होजला हात लावला, मग वॉल ज्यात बसतो त्या हाउसिंगचे बोल्ट काढले आणि मला जवळ बोलावलं. "ताई, आत काहीच नाही." हाउसिंग रिकामं होतं. मे महिन्यात प्रवासात पाणी गळत होतं म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजात काम करून घेतलं होतं, तेव्हाच कोणीतरी वॉल काढून टाकला असणार. मला सांगितलं नाही, बिलावरही लिहिलं नाही. आपल्याकडे उकाडा असतो, वॉल काढला की गाडी कधी गरम होणार नाही, अशी ठाम समजूत अजून आहे. मे महिन्याच्या उन्हात काही जाणवलं नाही, ॲव्हरेज मात्र जूनपासून सांगत होतं.

हे मला मनापासून सांगायचंय: वॉल काढू देऊ नका. इंजिनाच्या भागांमधली फट, ऑइलचा दाटपणा, डिझेल फवारण्याचं गणित, सगळं ८०-९० अंशांच्या आसपास चालण्यासाठी ठरवलेलं असतं. ४५-५० अंशांवर रोज चालणारं इंजिन जास्त डिझेल पितं, सिलिंडर लवकर झिजतात, ऑइलमध्ये ओल आणि डिझेल साचत जातं, ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेत) काजळी वाढते. बीएस-६ डिझेलवाल्यांना तर दुहेरी फटका, कारण इंजिन पुरेसं तापल्याशिवाय डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) साफसफाई सुरूच होत नाही आणि काजळी भरत जाते. शिवाय काही इंजिनांत वॉल नसला तर गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता बायपासमधून तसाच परत फिरतो. ज्या उन्हाळ्याच्या भीतीने वॉल काढला, त्याच उन्हाळ्यात अशी गाडी चढावर तापू शकते.

नवा वॉल मी एक रात्र घरी आणला होता. त्याच्या कडेवर ८८ कोरलेलं होतं. पातेल्यात पाणी घेतलं, वॉल दोऱ्याने टांगला, शेजारी शाळेतला थर्मामीटर. वॉलच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं. ८५ला काही नाही. ८८-८९ला कडेला केसाएवढी फट दिसली आणि पाणी उकळेपर्यंत चांगलीच रुंदावली. (वाईच्या उंचीवर पाणी ९८च्या आसपासच उकळतं, त्यामुळे तो पूर्ण उघडलेला बघायला मिळाला नाही.) अण्णा स्टूल घेऊन ओट्याजवळ बसले होते. इतकी वर्षं गाड्या चालवल्या, पण वॉल उघडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

वॉल, गॅस्केट, नवं कूलंट आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. मेकॅनिकने हीटर फुल गरमवर ठेवून सिस्टिममधली हवा काढली. ती घाई करू देऊ नका, हवा राहिली तर आकडे वेडेवाकडे येतात. दुसऱ्या दिवशी अर्ध्या घाटातच ८८ गाठलं आणि वरपर्यंत ८७ ते ९१च्या मधे राहिलं. उतरताना वाईत ८१. हीटरने काच दोन मिनिटांत साफ. जानेवारीच्या दोन टाक्यांचं ॲव्हरेज २०.१ आणि २०.४.

आता तक्रारी. हा स्कॅनर मला दुसऱ्या खेपेला मिळाला. पहिला दर पाच-सात मिनिटांनी फोनपासून तुटायचा आणि अर्ध्या गोष्टी वाचायचाच नाही. बदलून आलेला त्याच पाकिटात, त्याच रंगाचा, आणि व्यवस्थित चालतो. नकली चिपमध्ये हे नशिबावर आहे, तेव्हा परत घेण्याची सोय असेल तिथूनच मागवा आणि आल्या दिवशी अर्धा तास गाडी चालवून तपासा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जुळणार नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला बघा. २०१३च्या आधीच्या गाडीसाठी घेण्याआधी कोणाचा तरी उसना लावून पाहा. एबीएस आणि एअरबॅग माझ्या गाडीत तो वाचत नाही. सॉकेटमध्ये बॅटरीची लाइन कायम चालू असते, त्यामुळे आठवडाभर तसाच लावून ठेवला तर बॅटरी उतरते. दिवाळीच्या सुट्टीत शेजाऱ्यांचं तेच झालं. मी काम झालं की काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवते. शिवाय लावलेला असताना तो क्लचच्या पायाला लागतो. दीड फुटाची एक्स्टेन्शन केबल मिळते, ती घ्यायला हवी होती.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पहिल्या नगासाठी. गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या बीएस-६ गाडीला लावून पाहिला. घाट उतरल्यावर ८३ होतं. अण्णांनी तरीही होजला हात लावून बघितलाच.