थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम : कार्बोनेट की सायट्रेट?

थायरॉइड काढताना मागच्या बाजूच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली, तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि फॉस्फरस चढतो. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत सावरतं, पण काहींना गोळ्या कायमच्या लागतात. त्यांनी कोणतं कॅल्शियम घ्यावं?

कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, सायट्रेटमध्ये २१. म्हणजे कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅममधून ५०० मिलिग्रॅम मिळतं. तेवढ्यासाठी सायट्रेट जवळपास दुप्पट लागतं. गोळ्या वाढतात, खर्चही. पाकिटावरचा मोठा आकडा अख्ख्या कार्बोनेट-सायट्रेटचा की त्यातल्या कॅल्शियमचा, हे आधी पाहा. कार्बोनेट पचायला पोटात आम्ल लागतं, म्हणून ते जेवतानाच घ्यायचं. त्यात या आजारापुरता एक फायदाही आहे : अन्नातला फॉस्फरस ते आतड्यातच अडवतं.

पण रोज पॅन्टोप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल, तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही. अशांनी, आणि ज्यांना त्याने फार बद्धकोष्ठ होतं त्यांनी, डॉक्टरांकडे सायट्रेटची चौकशी करावी. ते रिकाम्या पोटीही चालतं. मूतखड्याचा इतिहास असेल तरी माझा कल सायट्रेटकडे, कारण लघवीतलं सायट्रेट खडा धरायला विरोध करतं. बाकीच्यांना कार्बोनेट पुरेसं आहे.

मात्र मूत्रपिंडाने कॅल्शियम राखून ठेवावं, हे काम पॅराथायरॉइडच्या हार्मोनचं. ते दोन्ही गोळ्यांना जमत नाही. रक्तातलं कॅल्शियम वर ढकलावं तितकं ते लघवीतून वाहतं. खडे होतात, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. म्हणून रिपोर्टमधला आकडा 'छान मधोमध' आणायचा हट्ट नको. डॉक्टर तो मुद्दाम सामान्य पातळीच्या खालच्या टोकाशी ठेवतात, आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही तपासतात. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका.

व्हिटॅमिन डी सक्रिय करायलाही हेच हार्मोन लागतं. त्यामुळे नुसत्या ६०,००० युनिटच्या पुड्यांवर भागत नाही, सहसा कॅल्सिट्रिऑल, म्हणजे आधीच सक्रिय असलेलं व्हिटॅमिन डी, जोडावं लागतं. थायरॉइडची सकाळची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. एवढं करूनही मुंग्या थांबत नसतील, तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. आणि आकडी आली किंवा श्वास घेताना घसा आवळला, तर गोळीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. तिथे कॅल्शियम शिरेतून देतात.