डीसी म्हणून गळ्यात मारलेला एसी पंप

सांगलीत खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक ठेवणारे बोटावर मोजण्याइतके, त्यामुळे अडलं तर विचारायचं कुणाला? माझा चार फुटी टँक विश्रामबागेतल्या घरी आहे. प्रोटीन स्किमरचा (पाण्यातली घाण फेसात धरून वरच्या कपात काढणारं यंत्र) जुना पंप गेल्या पावसाळ्यात जळाला आणि मी शहरातल्याच एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही.

"साहेब, एसी आता कोण घेतंय? डीसी न्या. आवाज नाही, वीज कमी, फेस हवा तेवढा कमी-जास्त करा." एसी म्हणजे घरात येते ती दिशा बदलती वीज, डीसी म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. यात चुकीचं काहीच नव्हतं. डीसी पंपाचा वेग खरोखर बदलता येतो. पंप, अडॅप्टर आणि गोल बटणाचा 'कंट्रोलर' मिळून 9,500 रुपये मोजले. त्याच ताकदीचा एसी पंप साडेतीन हजारांत शेजारीच ठेवला होता.

घरी लावला तर फेस ढिला, कप कोरडा. फोन केला. "नवीन आहे ना, बसायला आठवडा जातो." हेही खरंच! नव्या स्किमरला सुरुवातीचे काही दिवस नीट फेस धरत नाही. म्हणून थांबलो, आणि बदलून देण्याची सात दिवसांची मुदत तेवढ्यातच संपली. खोटं एकच होतं, बाकी सगळी खरी माहिती त्याच्यावर पांघरूण घालायला वापरली होती.

मग बटणाशी खेळ सुरू केला. अर्ध्यापर्यंत फिरवलं तरी बुडबुड्यांत काडीचा फरक नाही. त्याखाली आणलं की पंप घुं घुं करत थरथरायचा नि बंद पडायचा. एका रात्री तसाच अडकून राहिला. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि एक क्लाऊन मासा तळाशी पडलेला. स्किमर पाण्यात हवाही मिसळतो, हे पुस्तकात वाचलं होतं. तरी मासा त्यामुळेच गेला असं शपथेवर सांगणार नाही.

पंप घेऊन कुपवाडला एका रिवायंडिंगवाल्याकडे गेलो. दिवसभर शेतकऱ्यांच्या मोटारी भरणारा माणूस, माशांचा पंप त्यानं पहिल्यांदाच पाहिला. अडॅप्टर हातात तोलून म्हणाला, "दादा, एवढं जड? आत ट्रान्सफॉर्मर हाय की." मीटर डीसीवर लावला, शून्य. एसीवर लावला, 26. मग अडॅप्टरवरची बारीक छपाई दाखवली : आउटपुट 24 व्होल्ट आणि पुढं नागमोडी रेघ. डीसीला सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते. कंट्रोलर उघडला तर तो पंख्याच्या रेग्युलेटरचा सख्खा भाऊ निघाला.

असल्या एसी पंपातलं चुंबक विजेच्या वारंवारतेला बांधलेलं असतं. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला 3000 फेरे. व्होल्टेज कमी केलं तरी ते त्याच वेगानं फिरणार, झेपेनासं झालं की थांबणार. मधली पायरी नाही. (अमेरिकेहून आणलेला 60 हर्ट्झचा पंप इथं स्टेपडाउन लावूनही हळू फिरतो, तो याचमुळे. स्टेपडाउन व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही.)

दुकानदारानं शांतपणे बिल पुढं केलं. 'पंप, 1 नग.' डीसी हा शब्द कुठंच नाही, तो फक्त खोक्यावर स्टिकर लावून चिकटवलेला. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, पण तोंडी बोलणं सिद्ध कसं करणार? शेवटी त्यानं दीड हजारांचं माशांचं खाद्य दिलं, मीही घेतलं.

आता साधा एसी पंप लावलाय. हवेचा व्हॉल्व्ह आणि बाहेरच्या नळीची उंची फिरवून फेस मस्त बसतो. डीसी वाईट नाही, पुढं घेईनही. फक्त दुकानात जाताना खिशात मीटर असेल, आणि बिलावर 'डीसी, 24 व्होल्ट' लिहून घेतल्याशिवाय पैसे निघणार नाहीत.