शिवाजीनगरची कन्सल्टन्सी: पाचपैकी तीन

मी चाकणला डाय-कास्टिंगमध्ये क्वालिटीत होतो, अकरा वर्षं. नोकरी बदलायचं ठरल्यावर मित्राच्या सांगण्यावरून शिवाजीनगरच्या एका कन्सल्टन्सीत बायोडेटा दिला. नाव लिहीत नाही, तिथल्या मॅडम अजून फोन करतात.

एक रुपयाही मागितला नाही, हे आधी सांगतो. त्यांचे पैसे कंपनी देते. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सीटीसीच्या (कंपनीला पडणाऱ्या एकूण पगाराच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. 'रजिस्ट्रेशनचे दीड हजार भरा' म्हणणारा कुणी भेटला तर लिफ्टची वाटही बघू नका, जिन्याने खाली या.

मॅडमना काम येतं. रांजणगावची एक जागा नोकरी डॉट कॉमवर कुठेच नव्हती, ती त्यांनी काढली. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री फोन: "सर, आधीचा माणूस एट-डीमुळे (8D, म्हणजे तक्रारीचं कारण शोधून उपाय लिहायचा रिपोर्ट) गेला. कस्टमर कम्प्लेंटमध्ये रूट कॉज, म्हणजे मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरची चूक' लिहायचा. तेच विचारतील." तेच विचारलं! पण कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा होता आणि माझा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. राहिलं.

दोन तारे कापले ते तळेगावसाठी. तिथल्या एका कंपनीत मी थेट अर्ज केला, जुन्या सहकाऱ्याने आतून शब्दही टाकला होता. एचआर म्हणाली, "तुमचा बायोडेटा चार महिन्यांपूर्वीच कन्सल्टन्सीकडून आलाय." मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. एकदा असा बायोडेटा गेला की सहा महिने, कुठे वर्षभर, तुम्ही त्यांच्या खात्यावर. थेट गेलात तरी कंपनीला वाटतं, फी द्यावी लागणार. शिवाय त्यात माझा अपेक्षित पगार जुनाच, आता सांगितलेल्यापेक्षा कमी. एचआरने विषय तिथेच मिटवला. मॅडमना विचारलं तर, "प्रोफाइल मॅच होत होतं सर, म्हणून पुढे केलं." आता मी ईमेलवर लेखी देऊन ठेवलंय: कंपनीचं नाव सांगून, मी हो म्हटल्याशिवाय कुठेही पाठवायचं नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

थेट अर्जांचंही फार कौतुक नको. तेवीस केले, उत्तरं दोन आली, त्यातलं एक आपोआप येणारं.

शेवटी भोसरीची जागा मला आमच्या पार्ट्सना हीट ट्रीटमेंट करून देणाऱ्या काकांकडून कळली. त्यांचा टेम्पो आमच्याकडेही येतो आणि तिकडेही जातो. काकांनी प्लांट हेडचा नंबर दिला, मी शनिवारी जाऊन भेटलो, पंधरा दिवसांत ऑफर लेटर हातात.

फक्त पगाराचा आकडा मीच आधी बोलून बसलो. ते लगेच हो म्हणाले तेव्हाच कळलं, कमी मागितले. मॅडम असत्या तर मला तोंड उघडू दिलं नसतं. माझा पगार वाढला की त्यांची फीही वाढते.