नेट नसलेल्या लिनक्स फोनवर पॅकेज चढवायचंय: केबल, कार्ड की बंडल?

समजा तुमच्याकडे पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन आहे, त्यावर मोबियन (डेबियन लिनक्सचं फोनसाठीचं रूप) चालतंय आणि फोन नेटवर नाही. कारण काहीही असो: गावी रेंज नाही, सिम टाकलेलंच नाही, किंवा मागचं झाकण काढून वायफायचा बारका स्विच तुम्हीच बंद केलाय आणि तो तसाच ठेवायचाय. लॅपटॉप मात्र आहे, आणि त्याला नेट मिळू शकतं. आता फोनवर एमपीव्ही (व्हिडिओ प्लेअर) हवंय. कसं चढवाल?

मार्ग पाच-सहा आहेत. मी सगळे करून पाहिलेत, काही तर चुकत-माकत दोनदा. माझा कल आधीच सांगून टाकतो: काय काय लागणार याचा हिशोब फोनने करावा, लॅपटॉपने फक्त हमाली करावी. एमपीव्ही एकटं येत नाही, त्याच्यामागे एफएफएमपेगच्या लायब्रऱ्या आणि त्यांच्यामागे आणखी कितीतरी पॅकेजेस येतात. त्यांतली कोणती फोनवर आधीच आहेत आणि कोणत्या आवृत्तीची, हे फक्त फोनच्या स्वतःच्या नोंदवहीत असतं. हा हिशोब जिथे लॅपटॉपवर किंवा आपल्या डोक्यात होतो, तिथेच घोळ होतो.

सुटी डेब फाइल

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं. डेबियनच्या साइटवरून डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) उतरवायची, एसडी कार्डवर टाकायची, फोनवर डीपीकेजी या पॅकेज चढवणाऱ्या आज्ञेला द्यायची. माझी पहिली फजिती इथेच झाली. लॅपटॉपवर सवयीने एएमडी६४ची, म्हणजे लॅपटॉपच्या प्रोसेसरची, फाइल उतरवली आणि फोनने ती बघताक्षणी नाकारली, कारण त्याच्या प्रोसेसरला आर्म६४ लागतं. दुसऱ्यांदा योग्य फाइल नेली, तर डीपीकेजीने ती उलगडली, मग डिपेन्डन्सी, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजेस, नाहीत म्हणून पॅकेज अर्धवट सोडून दिलं. डीपीकेजी डिपेन्डन्सी आणत नाही, नुसती तक्रार करतं. त्यावर ॲप्टला, म्हणजे डिपेन्डन्सीही आणणाऱ्या आज्ञेला, ‘फिक्स-ब्रोकन’ सांगितलं, तर ते बाकीचं नेटवरून आणायला जातं आणि आपटतं. आणायला काही सापडलंच नाही, तर अर्धवट पॅकेजच काढून टाकायला निघतं. दोष कोणाचाच नाही, पण संध्याकाळ गेली.

तरीही एका कामासाठी मी आजही हाच मार्ग धरतो, आणि ते काम म्हणजे फॉन्ट. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील, तर लोहित देवनागरीचं पॅकेज न्या. ते कोणत्याही प्रोसेसरला चालतं, कारण आत चालवण्याजोगं काही नाही, नुसती अक्षरं आहेत. त्याला डिपेन्डन्सीचं लचांडही नाही. एक फाइल, एक आज्ञा, काम झालं. डीपीकेजीऐवजी ॲप्टलाच फाइल द्या, फक्त नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका. ती नसली तर ॲप्टला ते पॅकेजचं नाव वाटतं आणि ते रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) शोधत बसतं.

ॲप्ट-ऑफलाइन

मोबियनवाल्यांना आणि लिब्रेम ५ वर प्युअरओएस वापरणाऱ्यांना माझी पहिली शिफारस याची. तीन टप्पे आहेत. फोनवर ‘सेट’ म्हणायचं, की एक छोटी यादी-फाइल तयार होते: कोणत्या पत्त्यावरून कोणती फाइल, किती आकाराची, कोणत्या चेकसमची (फाइल जशीच्या तशी आली का हे तपासायचा आकडा). ती यादी नेट असलेल्या यंत्रावर न्यायची आणि ‘गेट’ म्हणायचं, की सगळं उतरून एका झिपमध्ये बसतं. झिप फोनवर आणून ‘इन्स्टॉल’ म्हणायचं.

म्हणजे हिशोब फोनचा, हमाली दुसऱ्याची. ते दुसरं यंत्र डेबियनचं असायची गरज नाही. ॲप्ट-ऑफलाइन पायथॉनमध्ये लिहिलंय, त्यामुळे मित्राच्या विंडोज लॅपटॉपवरही ‘गेट’ चालतं.

दोन गोष्टी मात्र कोणी धड सांगत नाही. पहिली, शेवटच्या ‘इन्स्टॉल’ने पॅकेज चढत नाही. ते फाइली ॲप्टच्या कॅशमध्ये (साठवणीच्या फोल्डरात) नेऊन ठेवतं एवढंच, त्यानंतर नेहमीसारखं ॲप्टला सांगावं लागतं. दुसरी जास्त महत्त्वाची: फोनचा हिशोब त्याच्याकडच्या जुन्या याद्यांवर होतो. फोन तीन महिने नेटवर नसेल आणि तुम्ही डेबियनच्या टेस्टिंग शाखेवर असाल, तर यादीतल्या आवृत्त्या सर्व्हरवरून केव्हाच गेलेल्या असतात आणि ‘गेट’ला फाइली सापडत नाहीत. म्हणून दोन फेऱ्या धरा. पहिल्या फेरीत फक्त ‘अपडेट’, म्हणजे ताज्या याद्या फोनवर. दुसऱ्या फेरीत पॅकेज. लॅपटॉप शेजारी असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. नेट तालुक्याच्या गावी असेल तर दोन हेलपाटे पडतात, आणि मग पुढचा मार्ग बरा वाटायला लागतो. डेबियनच्या स्टेबल शाखेवर हा त्रास बराच कमी होतो, कारण तिथे आवृत्त्या क्वचित हलतात. ऑफलाइन राहायचं असेल तर स्टेबल घ्या, असं मी म्हणतो ते याचसाठी.

अडचण अशी, की ॲप्ट-ऑफलाइन फोनवर आधी असावं लागतं. नसेल तर ॲप्टमध्येच ‘प्रिंट-यूआरआयज’ नावाचा पर्याय आहे. तो काही उतरवत नाही, फक्त पत्ते छापतो. ते फाइलीत साठवा, लॅपटॉपवर एकेक उतरवा, एका फोल्डरात फोनवर आणा आणि सगळ्या डेब एकदम ॲप्टला द्या. दिसायला ओबडधोबड, पण भरवशाचं.

कार्ड काढा, लॅपटॉपला लावा

पाइनफोनची एक खोड इथे फार उपयोगी पडते: त्यातला ऑलविनरचा ए६४ प्रोसेसर आधी एसडी कार्ड बघतो आणि मग आतली साठवण. म्हणून पुष्कळ जण सिस्टिम कार्डावरच ठेवतात. तुमचीही तशी असेल, तर फोन बंद करा, कार्ड काढून रीडरने लिनक्स लॅपटॉपला जोडा, क्यूईएमयूचं युजर-मोड एम्युलेशन (लॅपटॉपवर फोनच्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम चालवणारी सोय) बसवा आणि कार्डावरच्या सिस्टिममध्ये सीएचरूट करा, म्हणजे तिलाच मूळ सिस्टिम मानून आत शिरा. आता तुम्ही फोनच्या आत बसून लॅपटॉपचं नेट वापरताय. नोंदवही फोनची, याद्या ताज्या, दोन फेऱ्या नाहीत. एमपीव्हीच काय, पन्नास पॅकेजेस एका बैठकीत चढतात. घरी ६४ बिटचं रास्पबेरी पाय असेल तर एम्युलेशनही नको, त्याचा प्रोसेसर आर्म६४च आहे.

सिस्टिम आतल्या साठवणीत असेल तरी हरकत नाही. टो-बूट (फोन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) बसवलेलं असलं तर फोन सुरू करताना आवाज वाढवायचं बटण दाबून धरा, फोन लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखा दिसू लागतो. नाहीतर जंपड्राइव्हचं कार्ड टाकून तेच साधतं.

हा मार्ग सगळ्यांत ताकदवान आहे आणि चुकीला सगळ्यांत कमी माफी देणाराही. लॅपटॉप विंडोजचा असेल तर विषयच संपला, तो कार्डावरचं विभाजन वाचणार नाही आणि वर फॉरमॅट करू का म्हणून विचारेल. नाही म्हणा! डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी कुलूप उघडावं लागतं. सीएचरूटमध्ये साइटची नावं शोधता यावीत म्हणून डीएनएसची फाइल तात्पुरती बदलावी लागते. ती नंतर मूळपदावर आणली नाही, तर पुढे फोन नेटवर आल्यावर काहीच का उघडत नाही हे शोधत बसाल. आणि कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट इथे करू नका. बूटचं विभाजन जोडायचं राहिलं तर नवा कर्नल भलत्याच जागी जातो आणि फोन काळ्या पडद्यावर अडकतो. प्लेअर, संपादक, खेळ, काय हवं ते चढवा. कर्नलला हात लावू नका.

केबल

याला ऑफलाइन म्हणावं का, यावर वाद घालता येईल. फोनला स्वतःचं नेट नाही, पण यूएसबी केबलने तो लॅपटॉपशी बोलतो आणि लॅपटॉप बाहेरच्या जगाशी. पोस्टमार्केट-ओएस या फोनसाठीच्या आणखी एका लिनक्समध्ये केबल लावली की फोन १७२.१६.४२.१ या पत्त्यावर हजर होतो. तिथे एसएसएच करा, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देता येतात. ओपनएसएसएचच्या ७.६ आवृत्तीपासून उलटा सॉक्स बोगदा काढता येतो, म्हणजे फोनवरचं एक पोर्ट थेट लॅपटॉपच्या नेटला जोडलं जातं. डेबियनच्या फोनवर ॲप्टला हा बोगदा प्रॉक्सी म्हणून तात्पुरता सांगितला, की त्याला काही फरक जाणवत नाही. फोनवरचा ब्राउझर, मेल, बाकी कशालाच नेट मिळत नाही, फक्त ॲप्टला मिळतं. वायफाय मुद्दाम बंद ठेवणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

लॅपटॉप आणि नेट एकाच वेळी हाताशी असतील, तर मी दुसरं काही करतच नाही. दोन-तीन फोन सांभाळत असाल तर लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा. एका फोनसाठी उतरलेलं पॅकेज दुसऱ्याला पुन्हा उतरवावं लागत नाही.

पोस्टमार्केट-ओएस असेल तर

इथली गोष्ट वेगळी, कारण पाया डेबियनचा नाही, अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सचा आहे. पॅकेजांच्या नावामागे एपीके असतं आणि त्यावरून हमखास गोंधळ होतो: ही ॲण्ड्रॉइडची एपीके नव्हे, दोघांचा संबंध शेपटीपुरता.

अल्पाइनची पॅकेजेस आटोपशीर असतात, त्यामुळे इथे माझा नियम थोडा सैल होतो. लॅपटॉपवर एपीकेच्या ‘फेच’ आज्ञेला ‘रिकर्सिव्ह’ म्हणा आणि आर्किटेक्चर एआर्च६४ (आर्म६४चंच दुसरं नाव) द्या. ते सगळ्या डिपेन्डन्सी उतरवतं, अगदी फोनवर आधीच असलेल्यासुद्धा. ओझं थोडं वाढतं, पण कमी पडत नाही. शाखा मात्र तपासून घ्या. फोन स्थिर आवृत्तीवर आणि उतरवलेलं ‘एज’ या सतत बदलणाऱ्या शाखेचं, ही खिचडी शिजत नाही.

खरा सापळा पुढे आहे. सुटी एपीके फाइल देऊन चढवली, तर एपीके आपल्या ‘वर्ल्ड’ नावाच्या फाइलीत त्या विशिष्ट फाइलीचा हॅश (तिचा ठसाच म्हणा) लिहून ठेवतं. पॅकेज चालतं, सगळं छान. सहा महिन्यांनी फोन नेटवर येतो, अपग्रेड करता, सगळं नवं होतं आणि हे एक पॅकेज जागचं हलत नाही, कारण तुम्हीच त्याला त्या हॅशला जखडलंय. म्हणून फाइली सुट्या देऊ नका. कार्डावर एआर्च६४ नावाचं फोल्डर करा, त्यात फाइली ठेवून एपीकेच्याच ‘इंडेक्स’ आज्ञेने सूची बनवा आणि त्याच्या वरच्या फोल्डरचा पत्ता रिपॉझिटरी म्हणून द्या. सूचीवर सही नसल्याने ‘अलाउ-अनट्रस्टेड’ म्हणावं लागतं. मग नोंद फक्त नावाची होते आणि पुढची अपग्रेड सुरळीत जाते.

फ्लॅटपॅक

नकाशांसाठी मी फ्लॅटपॅककडे, म्हणजे वेगवेगळ्या लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजांकडे, वळतो. प्युअर मॅप्स आणि ओएसएम स्काउट सर्व्हर ही जोडी फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या साठ्यावर आहे, आणि नेट नसलेल्या फोनवर नकाशाइतकं उपयोगी दुसरं काय असणार! फ्लॅटपॅकने ऑफलाइन नेण्याची सोय मुळातच ठेवलीय: लॅपटॉपवर ‘क्रिएट-यूएसबी’ने ॲप आणि रनटाइम (ॲपला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच) कार्डावर उतरवायचे आणि फोनवर त्या फोल्डरला साइडलोड रेपो म्हणून दाखवायचं. मोबियन असो की पोस्टमार्केट-ओएस, फरक पडत नाही. सह्या तपासल्या जातात, त्यामुळे ‘अनट्रस्टेड’ची पळवाटही नको. आधी लॅपटॉपवर फ्लॅटहबच्या रिमोटला (नोंदवलेल्या पत्त्याला) कलेक्शन आयडी, म्हणजे साठ्याची ओळख, द्यावा लागतो, आणि सगळं एआर्च६४साठी मागवावं लागतं.

किंमत जागेची. एका छोट्या ॲपसोबत शेकडो एमबीचं रनटाइम येतं. पाइनफोनच्या पहिल्या रूपात आतली साठवण १६ जीबी आणि रॅम २ जीबी. तिथे दोन-तीन रनटाइम बसले की गुदमरायला होतं. ३२ जीबी आणि ३ जीबीच्या कन्व्हर्जन्स रूपावर चालून जातं. ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलीतलं ॲप, हा आणखी एक पर्याय, पण आर्मसाठीच्या ॲपइमेज मोजक्या, आणि पोस्टमार्केट-ओएसवर जीलिबसी या पायाभूत लायब्ररीऐवजी मसल असल्याने त्यांतल्या पुष्कळ उघडतच नाहीत.

उबंटू टच वापरत असाल तर वरचं बहुतेक विसरा. तिथे मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरती असते. ॲप्टने बळेच काही घुसवलं तर पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं. क्लिक फाइल (तिथलं पॅकेज) कार्डावरून आणा आणि ओपनस्टोअर या ॲपमधून उघडा. सेलफिश या आणखी एका फोन-सिस्टिमवर आरपीएम फाइल (तिथलं पॅकेज) तशीच टॅप करून चढते, सेटिंग्जमध्ये अनोळखी सॉफ्टवेअरला परवानगी दिल्यावर.

शेवटी घड्याळ. मार्ग कोणताही निवडा, सुरू करण्याआधी फोनची तारीख बघा. नेट नसलेल्या फोनला वेळ सांगणारं कोणी नसतं. तारीख मागे पडलेली असेल तर ॲप्ट म्हणतं की ही यादी अजून वैध झालेलीच नाही, आणि तुम्ही कार्डाला, केबलला, डेबियनला शिव्या घालत बसता. मी बसलोय.