कोल्हापूर की सांगली? फिरायला कुठं, राहायला कुठं

नोकरीची वर्षं पुण्या-मुंबईत काढून इकडं परतणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: घर कोल्हापुरात घ्यावं की सांगलीत? दोन दिवसांची सुट्टी काढून येणारेही साधारण हेच विचारतात. मी जयसिंगपूरचा. आमचा जिल्हा कोल्हापूर, पण सांगली हाकेच्या अंतरावर. कागदपत्रांना आम्ही कोल्हापूरला जातो आणि दुखलं-खुपलं की सांगली-मिरजेला. दोन्ही गावं माझी आहेत, त्यामुळं एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावं ठेवायचा प्रश्नच येत नाही.

उत्तर आधीच सांगतो. फिरायला कोल्हापूर. कामधंद्याला आणि उद्योगालाही कोल्हापूरच. निवृत्तीनंतर शांत राहायचं असेल, घरात म्हातारी माणसं असतील, तर सांगली-मिरज. पण घर कुठंही घ्या, पहिला प्रश्न पुराचा विचारा, दराचा नंतर.

दोन दिवस हातात असतील तर

मुक्काम कोल्हापुरात करा. अंबाबाईचं दर्शन पहाटे आणि आडवारी घ्या. शनिवार-रविवार आणि नवरात्रात बिंदू चौकापासून गाडी लावायला जागा मिळत नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस काही दिवस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन थेट मूर्तीपर्यंत पोचतात. हा किरणोत्सव बघायला लोक मुद्दाम लांबून येतात. आभाळ स्वच्छ नसेल तर किरणं मध्येच थांबतात, तेवढी तयारी मनाशी ठेवून या.

दर्शन झाल्यावर गंगावेशीतला दूधकट्टा चुकवू नका. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो. फेसानं भरलेला कोमट पेला हातात येतो आणि तो तिथंच उभ्यानं संपवायचा. पेठेतले पैलवान पिढ्यान्‌पिढ्या हेच दूध पिऊन तालमीत गेलेत. तिथून खासबाग मैदान बघायला जा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेलं हे कुस्तीचं मैदान. मधल्या कुस्तीच्या हौदाभोवती बैठक अशी चढत गेली आहे की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. कुस्ती नसतानाही ती रचना बघण्यासारखी आहे.

पन्हाळ्याला अर्धा दिवस द्या, शहरापासून वीसेक किलोमीटर. तीन दरवाजा, सज्जा कोठी आणि अंबरखाना बघा. अंबरखान्यातली ती प्रचंड धान्यकोठारं बघितली की १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्‌महिने कसा तग धरून होता, ते कळतं. २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात पन्हाळा आहे. जोतिबाचा डोंगर त्याच वाटेवर आहे. हिवाळ्यात आलात तर एखाद्या गुऱ्हाळावर थांबा. काहिलीतला रस आटताना सुटणारा वास आणि वाफ्यावरचा गरम गूळ, यासाठी वेगळं तिकीट लागत नाही, मालकाला नुसतं विचारायचं.

खाण्याचं सांगायला नको, पण एक सांगतो. तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे नुसता तिखटपणा असा बाहेर समज आहे. चांगल्या खानावळीतला पांढरा रस्सा सौम्य असतो. मटण शिजवलेलं अळणी पाणी आणि नारळाचं दूध, त्यात मिरं-आल्याची हलकी ऊब. तो आधी पिऊन बघा. रस्सा तोंड भाजत असेल आणि मटणाची चव लागत नसेल, तर ती खानावळ बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी आहे. मिसळीबरोबर इथं पावापेक्षा ब्रेडच्या स्लाईस मिळतात आणि कट मागाल तेवढा मिळतो.

सांगली हे पर्यटनाचं गाव नाही आणि तिनं तसा आवही आणलेला नाही. कृष्णेचा घाट, पटवर्धनांनी बांधलेलं गणपती मंदिर, १९२९ चा आयर्विन पूल, एवढं अर्ध्या दिवसात होतं. मात्र संध्याकाळी हरिपूरला जा. संगमेश्वराचं देऊळ आहे आणि खाली वारणा कृष्णेला मिळते. नाटककार गोविंद बल्लाळ देवल या हरिपूरचे. हळद साठवायची जमिनीखालची पेवं याच गावात होती. मातीतच खोल खड्डे घेऊन त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं. आत हवा नाही, ओल नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीचशी पेवं पाण्यानं खाल्ली. सांगली आजही हळदीची आणि बेदाण्याची मोठी बाजारपेठ आहे. हंगामात मार्केट यार्डात गेलात तर कपड्यांना हळदीचा वास घेऊनच परत येता.

मिरज मात्र वेळ काढून बघाच. सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी अजूनही हातानं बनतात. वाळवलेला भोपळा कापून, पोखरून त्याला दांडी जोडायची, वर नक्षी करायची आणि शेवटी जवारी काढायची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानानं ऐकत ऐकत इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर स्वर गुंजत राहिला पाहिजे. हे काम यंत्राला जमलेलं नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावलेत आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते. दोन्ही गावांत मिळून कुठली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला मुद्दाम दाखवशील असं विचाराल, तर मी ही गल्ली सांगेन.

कोल्हापूरहून सांगलीला येताना नरसोबावाडी आणि खिद्रापूर करता येतं. वाट थोडी वाकडी होते, पण खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप, म्हणजे वर गोल मोकळं आभाळ आणि खाली खांबांचं कडं, बघितल्यावर त्या वाकड्या वाटेचं कुणाला काही वाटत नाही.

घर घ्यायचं असेल तर

इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माणसं आयुष्याची पुंजी घेऊन येतात आणि फ्लॅटचा हॉल किती मोठा यावर निर्णय घेऊन मोकळी होतात.

दोन्ही शहरं नदीकाठची, पण दोन्हींचा पूर वेगळा. पंचगंगा झपाट्यानं चढते. राधानगरी भागात पाऊस लागला, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला बदलते. तिथं ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा हे भाग नदीबरोबरच जयंती नाल्याच्या फुगीनंही बुडतात, म्हणून नकाशावर नदी लांब दिसली तरी फसू नका. शिवाय महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला की शहराची कोंडी होते. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा ते झालं. घर कोरडं असलं तरी पेट्रोल आणि भाजीची पंचाईत.

सांगलीत कृष्णा त्या मानानं सावकाश चढते आणि त्याहून सावकाश उतरते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर पोचलं होतं. वरून कोयनेचा विसर्ग, खाली हरिपूरला वारणा, त्याखाली नरसोबावाडीला पंचगंगा. मुलूख सपाट, त्यामुळं पाण्याला पुढं सरकायला वाट मिळत नाही आणि ते दिवसेंदिवस घरात बसून राहतं. गावभाग, मारुती चौक, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट इथल्या माणसांना हे सगळं तोंडपाठ आहे. शामरावनगरात नदी नाही आली तरी काळ्या मातीत पावसाचं पाणी तुंबून राहतं. विश्रामबागचा उंचावरचा भाग, कुपवाड आणि मिरज गावठाण हे तुलनेनं निर्धास्त. कोल्हापुरात राजारामपुरी, विद्यापीठाची बाजू, आर. के. नगर, कळंबा ही चढाची ठिकाणं.

महापालिकेकडं निळी आणि लाल पूररेषा दाखवणारा नकाशा असतो, तो बघाच. पण त्याबरोबर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर होतं? तो बोलण्याआधी भिंतीवर हात ठेवून दाखवेल. तळमजल्याचं जुनं घर घेत असाल तर दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग नीट बघा, कपाटाचं प्लायवूड फुगलंय का ते हातानं दाबून बघा, विजेचा मीटर किती उंचीवर बसवलाय ते पाहा. नवा रंग भिंतीला झाकतो, पण छातीच्या उंचीला बसवलेला मीटर सगळं सांगतो.

दवाखान्यांच्या बाबतीत सांगली-मिरज उजवं आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं आणि तिथून हे गाव वैद्यकीय पंढरी म्हणून वाढत गेलं. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आजही कर्नाटकातून रेल्वेनं पेशंट इथं येतात. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालयंही भरपूर आहेत, उपचारांत उणं काही नाही. फरक सोयीचा आहे. मिरजेत डॉक्टर, लॅब, औषधांची दुकानं, पेशंटच्या नातेवाइकांची राहायची-जेवायची व्यवस्था हे सगळं एकमेकांला लागून आहे. सत्तरीतल्या माणसाला महिन्यातून दोनदा तपासणीला जायचं असतं तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते.

रेल्वेतही मिरज जंक्शन पुढं. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, तिथून सुटणारी प्रत्येक गाडी मिरजेवरूनच जाते. मिरजेहून पुणे, बेळगाव-हुबळी, पंढरपूर अशा तिन्ही वाटा फुटतात. विमानाला मात्र कोल्हापूरच, उजळाईवाडीला. सांगलीला विमानतळ नाही. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरला चिकटून जातो. सांगलीकराला आधी त्या रस्त्यापर्यंत पोचावं लागतं. ज्यांना आठवड्याला गाडी घेऊन पुण्याला जायचंय, त्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

कामाचं म्हणाल तर तुलना एकतर्फी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्या आणि इंजिनिअरिंगचे कारखाने, जवळ इचलकरंजीचं कापड, हुपरीची चांदी, १९६२ पासूनचं शिवाजी विद्यापीठ. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणंही आता तिथं चालतात. वकिली करणाऱ्या तरुणानं आज सांगलीत बस्तान बसवण्याआधी दोनदा विचार करावा. सांगलीत वालचंद, विलिंग्डनसारखी नावाजलेली महाविद्यालयं आहेत, पण शिकलेली पोरं डिग्री घेऊन पुण्याची गाडी धरतात. त्याचं मला वाईट वाटतं, पण खरं आहे ते खरं. जागेचे दर कोल्हापुरात चढे, सांगलीत त्याच पैशात खोली एक जास्त मिळते. पाण्याचं कोल्हापूरनं बरंच सुधारलंय, काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत शहरापर्यंत आली.

स्वभावानं दोन्ही गावं वेगळी. कोल्हापूर पेठांचं, तालमींचं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की अर्धी पेठ रस्त्यावर. अनोळखी माणूस पहिल्याच भेटीत 'काय भावा' म्हणून खांद्यावर हात टाकतो आणि अडचणीला रात्री दोन वाजताही धावून येतो. पण सणासुदीला मिरवणुका आणि डॉल्बीचा आवाजही त्याच जोरात असतो. ज्यांना लवकर झोपायची सवय आहे त्यांनी पेठेत घर घेऊ नये, उपनगरात घ्यावं. सांगली बोलायला मऊ. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर केलं तेव्हापासून नाटकाचं वेड टिकून आहे, आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी भावे गौरव पदक इथंच दिलं जातं. गाण्याच्या बैठकीला, व्याख्यानमालेला जाणारा, सकाळी विश्रामबागेत फिरून भडंग बांधून घेऊन येणारा निवृत्त माणूस सांगलीत चटकन रुळतो. संध्याकाळ मात्र सांगलीत लवकर संपते, नऊनंतर रस्ते ओस पडायला लागतात. तरुण जोडप्यांची हीच तक्रार मी जास्त ऐकली आहे.

सांगलीत पाऊस कोल्हापूरपेक्षा बराच कमी आणि उन्हाळा जास्त कडक. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या माणसाला कोल्हापूरचे जुलै-ऑगस्ट जड जातात, असा आमच्या घरातल्यांचा अनुभव आहे.

अजूनही ठरत नसेल तर लगेच विकत घेऊ नका. विश्रामबागेत किंवा राजारामपुरीत जूनपासून सहा महिने भाड्यानं राहा. पावसाळाही बघून होईल, गणपती-नवरात्रातला आवाजही, आणि जी जागा डोळ्यांत भरली आहे तिथं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस लागल्यावर, संध्याकाळी चालत एक चक्कर मारून या.