काचेचे डबे, आठ महिन्यांनंतर: काच उत्तम, घोडं अडलंय रिंगपाशी

गेल्या शनिवारी एका डब्याच्या झाकणाचा लॉक हातातच तुटला, म्हणून आज हे लिहायला बसलोय. नोव्हेंबरमध्ये घेतलेला आठ डब्यांचा बोरोसिलिकेट काचेचा सेट, चारी बाजूंनी खटकन बंद होणाऱ्या झाकणांचा. मापं, मायक्रोवेव्हला चालतो का वगैरे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल.

आमची गरज आधी सांगतो. इंदुरात सुदामानगरात राहतो, घरात पाच माणसं. बायकोची शाळेची बस सव्वासहाला येते, मी सियागंजात हिशेबाचं काम करतो आणि रात्री आठच्या आत घरी येणं होत नाही. आईला गुडघ्यांमुळे ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. त्यामुळे रविवारी पहाटे चोइथराम मंडीतून भाजी आणायची आणि दुपारपर्यंत आठवड्याचं उरकायचं, हे काम मी घेतलं. छोले, राजमा, मटकीची उसळ, वरण, कांदा-खोबऱ्याचं वाटण. पोळ्या आणि भात मात्र रोज ताजे. बुधवारपर्यंतचं फ्रीजमध्ये, गुरुवार-शुक्रवारचं फ्रीजरमध्ये. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "वर्षातून एक शिळासप्तमी पुरे आहे रे, तू दर आठवड्याला कुठे काढलीस?"

काचेबद्दल माझी एकही तक्रार नाही. जुने प्लास्टिकचे डबे हळदीने कायमचे पिवळे झाले होते, यांना आठ महिन्यांत डाग नाही. साध्या काचेच्या मानाने ही काच तापल्यावर जेमतेम एक तृतीयांश फुगते, म्हणून चटकन तडकत नाही. तरी फ्रीजरमधला डबा मी थेट गरम पाण्यात ठेवत नाही, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवतो. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून वर बोटभर जागा सोडतो. एकही डबा फुटलेला नाही.

आता रिंग. झाकणाच्या खाचेत सिलिकॉनची जी पांढरी रिंग बसते, ती पहिले दोन महिने मी काढलीच नव्हती. घासलेल्या झाकणाला लसणाचा वास येत राहिला तेव्हा टूथपिकने एक कोपरा उचलला. खाली छोल्यांच्या रश्शाची तपकिरी रेघ, आणि वळणापाशी काळे ठिपके. बुरशी! बाहेरून झाकण लख्ख. तेव्हापासून दर रविवारी आठही रिंगा काढतो, खाच जुन्या टूथब्रशने घासतो, रिंगा खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात ठेवतो आणि गच्चीवर उन्हात वाळवतो. हळदीचा पिवळेपणा ऊन ओढून घेतं. हिंग-लसणाचा वास कमी होतो, पुरता जात नाही, कारण सिलिकॉन वास धरून ठेवतं. म्हणून खिरीच्या डब्याची रिंग वेगळी, तिला मी दोऱ्याची खूण बांधली आहे.

रिंग परत बसवतानाही लक्ष लागतं. तिची पातळ कड काचेकडे यायला हवी. एकदा उलटी बसली आणि गुरुवारी बायकोच्या पिशवीत आमटी सांडली, तीही तपासायच्या पेपरांवर. आता कागदाची पट्टी काठावर ठेवून झाकण लावतो आणि पट्टी ओढून पाहतो. ती सहज सरकली तर तो डबा घराबाहेर जात नाही.

एप्रिलमध्ये वरण तिसऱ्याच दिवशी आंबलं. पाठोपाठ राजमा गेला. सकाळी कचरागाडीत ओल्या कचऱ्यात अर्धा किलो राजमा ओतताना फार जिवावर आलं. दोष रिंगचाच, असं मी धरून चाललो आणि कंपनीला कडक ईमेलही धाडला. तो दोष तिथे नव्हता, हे इथे सांगायलाच हवं. अडीचशे रुपयांचा फ्रीजचा थर्मामीटर आणून मधल्या कप्प्यात ठेवला तर 9 अंश! हवं 5 किंवा त्याखाली. डायल हिवाळ्यापासून कमीवरच राहिला होता. दुसरं म्हणजे, मोठा डबा काठोकाठ भरून मी गरम असतानाच झाकण लावत होतो. वरून गार लागला तरी मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि 5 ते 60 अंशांच्या मध्येच जंतू झपाट्याने वाढतात. हवाबंद झाकण जंतू मारत नाही, ते काम थंडाव्याचं.

आता पातेलं परातीत बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळतो, डब्यात दोन-अडीच इंचांच्या वर भरत नाही आणि दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये जातं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एका तासात. खाताना पुरेसं काढून सणकून वाफ येईपर्यंत गरम करायचं, उरलेलं परत ठेवायचं नाही. मे-जूनमध्ये एकदाही काही आंबलं नाही.

आईने विचारलं, मग भातही का नाही करून ठेवत? भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. झटपट गार करून फ्रीजमध्ये ठेवला तर भात चालतो, पण कुकर लावायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी ही जोखीम मी घेत नाही. बटाट्याची भाजीही फ्रीजरमध्ये नको, रवाळ होते.

तर शनिवारच्या लॉककडे येतो. काचेवर एक वर्षाची वॉरंटी आहे, झाकणावर नाही. दोन फोन, तीन ईमेल झाले. उत्तर एकच: झाकण किंवा रिंग सुटी मिळत नाही, नवा सेट घ्या. 2,399 रुपयांचा! आठ डबे काच म्हणून ठणठणीत, आणि आज एका झाकणापायी, उद्या दहा-वीस रुपयांच्या रिंगपायी ते टाकून द्यायचे? जिथून घेतले त्या राजवाड्याजवळच्या दुकानदाराने आपुलकीने दोन खोकी उघडून पाहिली, म्हणाला, "भैया, अलग से तो आती ही नहीं." त्याच्याच काउंटरवर कुकरच्या रिंगांची माळ लटकत होती, तीन लिटर, पाच लिटर, हवी ती. आईचा कुकर तेवीस वर्षांचा आहे आणि त्याची रिंग आजही मिळते. झिजणारी वस्तू सुटी विकायची नाही, याचा मला मनापासून राग आहे.

तुटक्या लॉकच्या डब्यात आता कोथिंबीर ठेवतो, खाली कागद अंथरून. बाकीचे सात रोज वापरात आहेत. त्यांवरच्या चिकटपट्टीवर आताशा आईच मार्करने तारीख घालते, आणि मंगळवारी संध्याकाळी तिनेच मला आठवण केली, "उसळ उद्यापर्यंतचीच आहे, आधी ती काढ." असा सेट घ्यायला दुकानात जाल तेव्हा काच वाजवून बघत बसू नका. आधी सुटी रिंग मागा. समोर ठेवली तरच पैसे काढा.